चांगलं म्हणायचं नाही

तलासरीच्या नाक्याजवळ औषधांच्या दुकानावर एक खोली आहे. तिथं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून एका बाईनं मला पहिल्याच भेटीत विचारलं, "तुमच्यात चांगलं काय काय आहे?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी डहाणूहून एसटीत उभ्यानं आले होते, मला काय होतंय हे सांगायला. गळ्यात काय अडकतं, कधी अडकतं, मग बोलता का येत नाही, सगळं मनात जुळवून आले होते. आणि ही विचारतेय चांगलं काय. दात दुखतो म्हणून जावं आणि डॉक्टरनं म्हणावं, बाकीचे दात किती सुंदर आहेत हो तुमचे, तर माणूस काय करेल? मी उठून जायला हवं होतं. गेले नाही, कारण परतीच्या एसटीला वेळ होता.

"काही नाही," मी म्हटलं.

"विचार करून सांगा. घाई नाही."

"विचार करूनच सांगतेय. काही नाही."

ती हसली. तिचं ते हसणं मला त्या दिवशी आवडलं नाही आणि पुढंही फारसं आवडलं नाही. वयानं माझ्याहून लहान, बोलणं नाशिककडचं, कुर्त्याला कडक इस्त्री, टेबलावर एक खोटं फूल. समुपदेशक, असं दारावर लिहिलेलं. प्रत्येक वाक्यामागे "छान" म्हणायची. मी म्हटलं, एसटीत बसायला जागा नव्हती, तर म्हणाली, "छान, तरीही आलात." अशा माणसाशी काय बोलायचं?

तिच्याकडे मला पाठवलं ते खालच्या दुकानदारानं. मी त्याच्याकडे झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन गेले होते. त्यानं चिठ्ठी बघितली, मला बघितलं आणि म्हणाला, "वरती एक मॅडम बसतात, आठवड्यातून दोनदा. गोळ्या देत नाहीत, त्यामुळे माझा काही फायदा नाही. पण त्यांच्याकडून उतरणारी माणसं रडत उतरत नाहीत." मला ती जाहिरातच वाटली. तरी गेले. तोवर मी एवढ्या ठिकाणी तोंडावर पडले होते की आणखी एकानं काही बिघडणार नव्हतं.

मी तलासरीजवळच्या एका पाड्यावर कंत्राटी शिक्षिका आहे. चौथी-पाचवीला मराठी शिकवते. मुलं घरी वारली बोलतात, काही गुजराती, आणि पुस्तकातलं मराठी त्यांना पाहुण्यांच्या घरातल्या सोफ्यासारखं वाटतं, बसावं की नाही कळत नाही. म्हणून मी धडा वाचत नाही, करून दाखवते. कावळा आला की कावळा होते. म्हातारी आली की कमरेत वाकून फळ्यापासून दारापर्यंत जाते. आमच्या शाळेतल्या इतर मास्तरांना हे माकडचाळे वाटतात. वाटोत. वर्षाच्या सुरुवातीला जी मुलं नाव विचारलं तरी मान खाली घालतात ती दिवाळीपर्यंत माझ्याशी वाद घालायला लागतात. मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करावंसंही वाटत नाही.

जानेवारीत एक मोठे साहेब तपासणीला आले. मागच्या बाकावर बसले. मी नेहमीसारखा वर्ग घेतला. घंटा झाल्यावर ते उठले आणि व्हरांड्यात सगळ्या मास्तरांना जमवून म्हणाले, "असा वर्ग मी या तालुक्यात पाहिला नाही. या बाईंकडून शिका. पुढच्या महिन्यात आजूबाजूच्या सगळ्या शाळांच्या शिक्षकांसमोर यांचा पाठ ठेवू या." टाळ्या वाजल्या. मुख्याध्यापकांनी पेढे मागवले. मी हसत होते आणि माझे पाय गार पडले होते.

दुसऱ्या दिवशी हजेरी घ्यायला उभी राहिले. पहिली दोनचार नावं घेतली आणि गळा बंद झाला. आवाज बसला नव्हता, दुखत नव्हतं. आतून कुणीतरी दार लावून घ्यावं तसं झालं. मुलं आधी हसली, त्यांना वाटलं बाई काहीतरी करून दाखवतायत. मग हसायची थांबली. एक मुलगी उठून पाण्याची बाटली घेऊन आली. मी त्या दिवशी फळ्यावर लिहून वर्ग संपवला आणि त्यानंतर रोज तेच झालं. वर्गाबाहेर बोलता यायचं. वर्गात पाय ठेवला की नाही.

डहाणूच्या घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी घालून बघितलं आणि म्हणाले, घसा लहान मुलासारखा स्वच्छ आहे. वापीच्या मनाच्या डॉक्टरांनी माझं अर्धं ऐकलं आणि गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी मी इतकी झोपायला लागले की एकदा माझा थांबा मागे पडून पार हद्दीवरच्या आच्छाडला पोचल्यावर कंडक्टरनं उठवलं. मग एका मैत्रिणीनं मोबाईलवरून बोलणाऱ्या बाई मिळवून दिल्या. त्या मुंबईहून हिंदी-इंग्रजीत विचारायच्या, बचपन में क्या हुआ था. आमच्या घरात रेंज येते ती मोरीच्या दारात उभं राहिलं तरच. मी मोरीच्या दारात उभी राहून बचपन सांगायची आणि त्या पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजून जायच्या. वर्गात मी अशीच दिसत असणार, हे बघून मी तो प्रकार बंद केला.

पाठ अर्थात रद्द झाला. मार्चमध्ये मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही, पण गोड बोलून गळा कापणारा आहे. म्हणाले, "सुट्टी घ्या, आराम करा. जूनला नवीन करार होतील. तोवर उभं राहून शिकवता आलं तर आपली शाळा आहेच. नाही जमलं तर मला दुसरं कोणी बघावं लागेल. मनाला लावून घेऊ नका." मी मनाला लावून घेतलं. तो वर्ग गेला तर माझ्याकडे काही उरत नाही, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

घरी हे सांगायची सोय नव्हती. घरी आई. डहाणूजवळच्या धाकटी डहाणू बंदरात आम्ही दोघीच राहतो. वडील मी शाळेत असतानाच गेले. आई बोंबील सुकवते आणि विकते. तिला सांगितलं तर म्हणाली, "कंदी होतं तुझ्यात काय? बाजारात बस माझ्याबरोबर, तिथं गळा आपोआप उघडेल."

हे बोलणं माझ्या ओळखीचं होतं. आमच्या बंदरात चांगल्याला चांगलं म्हणत नाहीत. बोट लागली की किनाऱ्यावरचा माणूस विचारतो, काय मिळालं? खलाशी तोंड वाकडं करून म्हणतात, काय नाय, कचरा. आणि त्यांच्या पाठीमागून भरलेल्या टोपल्या उतरत असतात. पोरांचंही तसंच. तान्ह्या पोराला गोंडस म्हटलं तर आई पदर घालून झाकते आणि म्हणते, कसला गोंडस, माकड हाय. हे सगळ्या बायका करतात. पण दार लावल्यावर त्याच बायका पोरांचे मुके घेतात, ते मी शेजारच्या घरात बघितलंय. आमच्या घरात दार लावल्यावरही काही बदलत नसे. मी दहावीला शाळेत पहिली आले तेव्हा आई पुऱ्या आळीला सांगत होती, कशीबशी सुटली. आत आल्यावर मी वाट बघत बसले. तिनं जेवायला वाढलं आणि म्हणाली, तोंड का पाडलंय, भात थंड होतोय.

माझा संताप कशानं होतो सांगू? बाजारात तीच बाई बोंबलाचं कौतुक करताना दमत नाही. "ये बाय, हात लावून बग, चांदी हाय चांदी! असा माल तलासरीत दुसरीकडं दाखव!" सुक्या बोंबलाला तिनं जन्मभर जेवढं गोड म्हटलं त्याचा शंभरावा भाग मला म्हटलं असतं तर मी आज वेगळी असते. हे मी त्या वरच्या मॅडमना दुसऱ्या भेटीत चिडून सांगितलं. त्यांनी "छान" म्हटलं नाही, एवढंच काय ते बरं केलं.

त्याच भेटीत त्यांनी विचारलं, "अलीकडे कधी असं झालं का, की गळा बंद होईल असं वाटलं आणि झाला नाही?"

मला आठवलं. मागच्या बाजाराला शेअर रिक्षात एक म्हातारी आदिवासी बाई बसली होती, मांडीवर करवंदांची टोपली. रिक्षावाल्याला जास्तीचं गिऱ्हाईक मिळालं तशी तो तिला अर्ध्या वाटेत उतरवायला लागला. मी त्याला असं काही झापलं की तो पुढं तोंडातून शब्द न काढता गाडी चालवत राहिला. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती.

"म्हणजे भांडताना आवाज येतो," मॅडम म्हणाल्या. डोळे चमकले त्यांचे.

"भांडखोरपणा हा काय गुण झाला?"

"भांडलात कुणासाठी?"

"अहो, काहीही कराल आणि त्यातून गुण काढाल तुम्ही! मी खून केला असता तर म्हणाला असता, किती धाडसी आहात."

त्या मनापासून हसल्या. मला हसायचं नव्हतं. मी म्हटलं, "मला काय झालंय ते सांगा. माझ्यात काय बिघडलंय ते शोधा. ते सोडून तुम्हाला दुसरं काही येत नाही का?"

"बिघडलेलं शोधायला तुम्ही तिघांकडे जाऊन आलात," त्या म्हणाल्या. "मला दुसऱ्या बाजूनं बघू द्या. तुम्ही इतकी वर्षं ज्याच्या जोरावर उभ्या राहिलात ते कुठं गेलं, मी ते शोधतेय."

घरी करायला त्यांनी एक काम दिलं. सकाळी आरशासमोर उभं राहून स्वतःबद्दल एक चांगली गोष्ट मोठ्यानं म्हणायची. मी आमच्या घरातला आरसा सांगते. दाराच्या चौकटीला खिळ्यावर टांगलेला, बाजूच्या बाईला तिच्या ओट्यावरून दिसणारा. तिथं उभी राहून मी माझं कौतुक केलं असतं तर संध्याकाळपर्यंत भूत उतरवायला मला भगताकडे घेऊन जायची तयारी झाली असती. मी केलं नाही. पुढच्या भेटीत सरळ सांगितलं, मूर्खपणा आहे.

"बरं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला म्हणता येत नाही तर तुमच्या ओळखीचं कुणी म्हणेल. तुमच्यातलं चांगलं ज्याला माहीत आहे असं एक माणूस घेऊन या."

मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या खोलीत हसले. "आणते," मी म्हटलं. "आईला आणते."

मी काही चांगल्या मनानं म्हटलं नव्हतं. मला या बाईचं तोंड एकदाचं बंद करायचं होतं. बसा म्हणावं माझ्या आईसमोर, आणि काढा गुण. मग कळेल, माझ्यात काही नाही हे मी लाजून सांगत नाही, हे घरचं प्रमाणपत्र आहे.

आई बाजाराच्या दिवशी तलासरीला सुकी मासळी घेऊन येतेच. त्या दिवशी बाजार उठल्यावर मी तिला गाठलं. म्हटलं, डॉक्टरांनी बोलावलंय तुला.

"मला कशाला? गळा तुझा बंद हाय."

"चल म्हणते ना."

ती उरलेल्या सुक्या जवळ्याची टोपली डोक्यावर घेऊन निघाली. खालच्या दुकानदारानं तिला जिन्याशी अडवलं, मावशी, टोपली खाली ठेवा, वास लागेल वरती. आई म्हणाली, "तुज्या औषधांचा काय अत्तराचा वास येतो? खाली ठेवू आणि मांजरानं नेलं तर तू भरून देशील?" तो बाजूला झाला. मला त्याची दयाच आली. वर मॅडमनी उठून नमस्कार केला आणि आईला खुर्ची दिली. आईनं खुर्चीकडे बघितलं आणि खाली फरशीवर बसली, टोपली शेजारी. मग मॅडमही खाली बसल्या, इस्त्रीच्या कुर्त्यानिशी. मी एकटीच खुर्चीवर राहिले. तमाशाला बसल्यासारखी.

"मावशी," मॅडम म्हणाल्या, "तुमच्या मुलीत चांगलं काय आहे, ते मला तुमच्याकडून ऐकायचंय."

"काय नाय," आई म्हणाली.

मी मॅडमकडे बघितलं. बघा म्हटलं मनात.

"काहीतरी असेल ना?"

"हिच्यात काय असणार, बाय? रंग बगा. उंची बगा, ताड नुसता. लग्नाला कोन विचारीत नाय. तोंड तर असं हाय की पोलीस पन लांब राहील. शिकली म्हनतात, काय शिकली देव जाणे. कचरा हाय नुसता."

शांत आवाजात सांगत होती. माल दाखवावा तसं एकेक. मला वाटलं होतं मला मजा येईल. आली नाही. माझे कान गरम झाले आणि डोळ्यांत पाणी यायला लागलं. या वयात आईच्या तोंडून हे ऐकून रडायला यावं याचीच मला चीड आली.

मॅडम थोड्या पुढं सरकल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही बाजारात बोंबलाचं किती छान कौतुक करता, असं मी ऐकलंय. चांदी म्हणता. मग मुलीचं का नाही?"

मी रागानं बोललेलं मॅडमनी आईसमोर काढलं. मी ताडकन उठणार होते. पण आईनं मॅडमकडे एखाद्या अगदी भोळ्या पोरीकडे बघावं तसं बघितलं.

"मासा मेलेला असतो, बाय," ती म्हणाली. "त्याला काय व्हायचंय?"

खाली नाक्यावर ट्रक हॉर्न देत होते. आई पदराच्या टोकानं टोपलीवरचं फडकं सारखं करत होती, ते आधीच सारखं होतं.

"हिच्या आधी पोरगा होता मला," ती म्हणाली.

हे मला माहीत होतं. मला एक भाऊ होता, तो तापानं गेला, माझ्या जन्माच्या आधी. त्याचा फोटो नाही. घरात कधी नाव निघत नाही. एवढंच माहीत होतं, आणि त्याच्या पुढं मी कधी विचारलं नव्हतं.

"बसायला लागला तवा बाजारात घेऊन जायची मी. टोपलीच्या बाजूला बसवायची. गोरा, भरल्या अंगाचा. बायका माल बगायच्या आदी त्याला बगायच्या. एक गुजरातन बाई आली, म्हनली, कित्ती गोड हाय तुजा पोरगा. मला झाकायचं कळत व्हतं. माज्या सासूनं शिकवलं व्हतं. पन मी तवा लहान, मला आनंद झाला. मी म्हटलं, हाय ना? असा पोरगा डहाणूत दुसरा दाखव." ती थांबली. "सकाळी बोलले. संध्याकाळी अंग तापलं. दवाखान्यात नेला. दुसऱ्या सकाळी रिकाम्या हातानं घरी आले."



"मग ही झाली," आई म्हणाली आणि माझ्याकडे हात केला, पण माझ्याकडे बघितलं नाही. "हिला मी पहिल्या दिसापासून घाण म्हटलं. कोनी काय बी बोलू दे, मी घाणच म्हटलं. दारात म्हटलं, घरात म्हटलं. मनात बी चांगलं आनलं नाय. बगा, केवढी झाली."

साहेबांनी व्हरांड्यात सगळ्यांसमोर म्हटलं होतं, असा वर्ग मी पाहिला नाही. आणि दुसऱ्या दिवशी माझा गळा. मला कुणी उलगडून सांगायची गरज नव्हती. ही भीती मला कुणी शब्दांत शिकवली नव्हती. ती मी भाताबरोबर खाल्ली होती, रोज.

मॅडमनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?"

मला वाटतं, इथं मी आईच्या गळ्यात पडावं अशी त्यांची अपेक्षा असावी. मी पडले नाही. मला भयंकर राग आला होता आणि तो आईवरच होता. "म्हणजे इतकी वर्षं," मी म्हटलं, "इतकी वर्षं मी उशीत तोंड खुपसून रडले, आणि तू ठरवून करत होतीस?"

"जित्ती हायस ना?" आई म्हणाली.

"याला जगणं म्हणतात?"

"मग काय म्हनतात?" ती माझ्यावर खेकसली. "तू काय ते मास्तरणीचं बोल. मी एक मातीत घालून बसलेय, मला माहीत काय म्हनतात ते."

मॅडम मध्ये पडल्या. म्हणाल्या, "मावशी, तुम्ही म्हणू नका. तुम्हाला कुणी बोलायला लावणार नाही. पण तिला स्वतःबद्दल म्हणू द्या. इथं, आत्ता. तेवढं चालेल?"

"तिचं तोंड, तिचं नशीब," आई उठली. "पन मी ऐकनार नाय. मी भायेर जाते." तिनं टोपली उचलली, दाराबाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली आणि दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून धरले. दार उघडंच होतं. मला तिची पाठ दिसत होती, घामानं भिजलेला ब्लाउज, आणि कोपर दोन्हीकडे निघालेले.

"उभ्या राहा," मॅडम हळू म्हणाल्या. "वर्गात राहता तशा."

मी उभी राहिले. तोंड उघडलं. आणि तेच झालं. तेच दार आतून लागलं. मी भिंतीला हात लावला. मॅडम काही बोलल्या नाहीत, छान नाही, सावकाश नाही, काही नाही. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, बाकी कशाबद्दल असो नसो.

मी पुन्हा आईच्या पाठीकडे बघितलं. एका वाक्यानं आपलं पोर मेलं असं मानून ही बाई इतकी वर्षं बाजारात बसली, ओरडली, माल विकला, आणि कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं नाही. त्या गुजरातन बाईचा मला राग आला, जिनं सहज दोन शब्द बोलून माल घेतला आणि घरी निघून गेली. मी न बघितलेल्या त्या गोऱ्या पोराचा राग आला. ज्या तापाला दवाखान्यात औषध लागू पडलं नाही त्या तापाचा राग आला. आणि कानांवर हात दाबून बसलेल्या त्या कोपरांचा इतका राग आला की मला आवरेना.

"मी चांगली शिकवते!" मी ओरडले.

खोली दणाणली. मॅडम दचकून मागे सरकल्या.

"ऐकू येतंय का तुला? मी चांगली शिकवते! साहेब खरं बोलले होते! जी पोरं तोंड उघडत नाहीत ती माझ्या वर्गात बोलायला लागतात! दुसऱ्या कुणाला जमत नाही, मला जमतं!"

"गप बस, भवाने!" आई तिकडून किंचाळली. हात कानांवर तसेच होते. "आख्खा नाका ऐकतोय!"

"ऐकू दे! तू पण ऐक! जूनला मी वर्गात जाणार आहे, आणि उभी राहून शिकवणार आहे, आणि मी चांगली आहे!"

आवाज येत होता. माझाच, फाटलेला, मासळीबाजारात शोभेल असा, तिच्यासारखा. मी आणखी काय काय म्हटलं ते आता आठवत नाही. खालून दुकानदाराचा आवाज आला, काय झालं मॅडम, वर येऊ का? मॅडम म्हणाल्या, नको, सगळं ठीक आहे. मी बोलायची थांबले तेव्हा मला धाप लागली होती.

आई जिन्यावरून उठली. टोपली तिथंच राहिली. ती आत आली ती धावतच, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं आता एक कानाखाली बसते. तिनं हात वर केला आणि माझ्या कपाळाला लावला. मग उलटा करून गालाला, मग गळ्याला, कानाच्या मागे. तिचा हात जवळ्याचा वास येणारा, खरखरीत होता. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, हाताला काय लागतंय तेवढंच बघत होती.

"गार हाय," ती मॅडमना म्हणाली. तरी तिनं हात काढला नाही.